डाव्या पुढच्या पायाची नाल

घोडी घरी आली त्या दिवशी मी शाळेतून दीड वाजता परतले, तर ती आमच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला बांधलेली होती. तारेवर माझी झेंडावंदनाला नेसायची पांढरी साडी होती आणि तिचा हातभर पदर घोडीच्या तोंडात होता. नवरा ओट्यावर बसून चहा पीत होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"कोणाची आहे?"

"आपली."

मी आधी पदर सोडवला. म्हणजे सोडवायला गेले, पण घोडीने मान वर केली तशी मी चार पावलं मागे सरकले, आणि शेवटी साडी सासूबाईंनीच सोडवली. त्या घोडीला काही बोलल्या नाहीत. मुलाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पानी कोन पाजनार हाय हिला?"

"मी आहे ना. सगळं मी करीन," तो म्हणाला.

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. घरात एक पितळी दिवा जरी आणायचा तरी मी याला विचारत असे, आणि यानं जिवंत घोडी आणताना मला विचारलं नव्हतं. वसईच्या एका टांगेवाल्याने टांगा बंद करून रिक्षा घेतली होती. नवरा लहानपणी त्याच्याच वडिलांच्या टांग्यातून स्टेशनला जायचा. घोडी चौपाटीवर नाहीतर वरातीला जाणार असं त्याच्या कानावर आलं आणि हा थेट तिला घेऊन चालत घरी आला. "बँडला ती घाबरते गं," तो मला समजावत होता, जणू मीच तिला वरातीत नेणार होते. त्या दिवाळीला घ्यायचा ठरलेला आमचा फ्रिज पुढे तीन वर्षांनी आला.

आमचं घर गासकडे जाणाऱ्या रस्त्याला, सोपाऱ्यापासून फार लांब नाही. मागे छोटी वाडी, थोडी केळी, नारळाची अकरा झाडं, विहीर, आणि पलीकडे भाताची दोन खाचरं. नवरा वसईच्या एका कारखान्यात होता, पाळ्या बदलत्या. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरी दिवसभर सासूबाई. आता अशा घरात "सगळं मी करीन" याचा अर्थ काय होतो, तो ज्या बायकांनी घरं चालवली आहेत त्यांना सांगायला नको.

पंधरा दिवस त्याने खरंच केलं. पहाटे उठून खरारा केला, लीद काढली, चणे भिजत घातले. सोळाव्या दिवशी पाळी बदलली. त्यानंतर घोडीला सकाळी पाणी मी पाजलं, दुपारी सासूबाईंनी, आणि संध्याकाळी जी मोकळी असेल तिने. घोडी किती पाणी पिते, हे विहिरीतून हाताने ओढणाऱ्यालाच कळतं. उन्हाळ्यात चार बादल्या एका दमात आत जात आणि ती मान वर करून अजून आहे का म्हणून बघे. तिच्या जागेवरची लीद दिवसातून तीनदा काढायची. नाही काढली की माशा घरात, भातावर, पोरांच्या वह्यांवर. मी शाळेत फळ्यावर लिहिताना एकदा दुसरीतला मुलगा म्हणाला, "बाई, तुमच्या केसात गवत आहे." सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी येऊन नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि मला तिची भीती वाटायची. हे मान्य केलं पाहिजे. ती काळी होती, पूर्ण काळी, कपाळावर पांढरा केससुद्धा नव्हता, आणि जवळ गेलं की तिचा श्वास ऐकू यायचा. मी बादली लांबून सरकवायची. सासूबाई मात्र तिच्या पोटाखालून वाकून पलीकडे जायच्या, म्हशीच्या जायच्या तशा. त्यांनी मला एक दिवस हाताला धरून तिच्या पुढच्या पायापाशी नेलं.

"हात लाव."

"आई, नको."

"लाव म्हणते ना."

मी गुडघ्याच्या खाली हात लावला आणि घोडीने पाय उचलला. आपणहून. माझ्या हातात तिचा खूर आला, जड, गार. टांग्याची जात, आयुष्यभर नाली ठोकून घेतलेली; कोणी पायाला हात लावला की पाय द्यायचा, एवढं तिला शिकवलेलं होतं. ती कोणालाही पाय देत होती. मी घाबरून सोडला तेव्हा तिने तो हळूच खाली ठेवला, माझ्या पावलावर पडणार नाही असा. त्या दिवसापासून माझी भीती गेली. राग गेला नाही, पण तो घोडीवर नव्हताच कधी.

तिचा उपयोगही झाला, हे सांगितलं नाही तर ते खोटं ठरेल. नवऱ्याने जुन्या टांग्याची चाकं आणि आस आणून एक हलकी गाडी बनवून घेतली. सासूबाई पूर्वी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायच्या. त्यांच्या मानेचे मणके त्यातच गेले होते. आता त्या गाडीत वांगी, केळीची पानं, मुळ्याच्या जुड्या घालून, स्वतः पुढे बसून, सोपाऱ्याला जाऊ लागल्या. पासष्टीची बाई लगाम धरून बाजारात शिरली की लोक वाट द्यायचे. लिदीच्या खताने वाडी अशी उठली की दुधी तोडायला शिडी लावावी लागली. माझ्या मुलीला दमा होता, ती कुठे खेळायला जात नसे. ती घोडीच्या अंगाला टेकून अभ्यास करायची आणि घोडी तासभर हलायची नाही. ही सुखं मी नाकारत नाही.

मग घरासमोर, रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कोणाच्या खाचरात बिल्डिंग झाली. चार मजली. मुंबईहून, कोकणातून, देशावरून माणसं राहायला आली, आमच्यासारखीच नोकरदार, कर्ज काढून घर घेणारी. मला आनंद झाला होता. शाळेत मुलं वाढली, रस्त्याला दिवे आले. बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीतल्या गुलाबांसाठी लीद मागायला यायच्या. मी पिशव्या भरून द्यायची. गुलाब आले की एखादं फूल मला आणून द्यायच्या. सगळं छान चाललं होतं, आणि मग कोणीतरी शोध लावला की ही घोडी काळी आहे.

काळ्या घोड्याची नाल दारावर लावली की शनीची पीडा जाते, असं लोक मानतात. पण ती विकतची नवी नाल चालत नाही. घोड्याच्या पायात झिजलेली हवी, आणि शनिवारी मिळाली तर उत्तम. हे नियम मला बिल्डिंगमधूनच कळले. पहिल्या शनिवारी एक गृहस्थ वाटीभर चणे आणि गूळ घेऊन आले. दुसऱ्या शनिवारी चौघं. सहा महिन्यांत शनिवारी सकाळी आमच्या फाटकापाशी चपलांचा ढीग पडायला लागला. कोणी घोडीला ओवाळायचं, कोणी तिच्या खुराखालची माती पुडीत बांधून न्यायचं, कोणी चणे प्लॅस्टिकच्या पिशवीसकट तिच्यापुढे ठेवायचं. एकदा तिने पिशवी गिळली आणि पोटात कळ येऊन ती लोळायला लागली. डॉक्टर म्हणाले, लोळू देऊ नका, चालवा. मी आणि सासूबाईंनी आळीपाळीने तिला दुपारच्या उन्हात तीन तास वाडीतून फिरवलं. ज्यांनी चणे ठेवले होते ते गॅलरीतून विचारत होते, "बाई, काय झालं हो हिला?"

नालीसाठी तर नंबर लागले. दर महिना-सव्वा महिन्याला नाली बदलायच्या. वसईहून नालबंद यायचे, म्हातारे, सगळे त्यांना चाचा म्हणत. जुन्या चार नाली निघायच्या आणि त्या चार नालींवर वीस घरं टपलेली. नवरा मऊ माणूस. तो वाटत सुटला. ज्याला मिळाली नाही तो रुसला. एकीने मला रस्त्यात थांबवून ऐकवलं, "तुम्ही माणसं बघून देता." माझं डोकं फिरलं. शिकलेली माणसं, कोणी बँकेत, कोणी सरकारी कचेरीत, मुलांना विज्ञानाच्या शिकवण्या लावणारी, आणि एका मुक्या जनावराच्या पायातल्या गंजक्या लोखंडासाठी भांडत होती. मी नवऱ्याला सांगितलं, यापुढे एकही नाल या घरातून बाहेर जायची नाही. आणि पुढच्या शनिवारी फाटकाला कुलूप लावून बाहेर पाटी लिहून टांगली: नाल मिळणार नाही, घोडीला काही खायला घालू नये.

माझं अक्षर सुंदर आहे. पाटी लांबून वाचता येत होती.

त्या वर्षी घोडीच्या डाव्या पुढच्या खुराला उभी चीर गेली होती. चाचांनी तिच्यासाठी वेगळी नाल घडवून आणली. साधी नाल मागे उघडी असते. ही मागून पट्टी जोडून बंद केलेली होती, जवळजवळ गोल. "चीर भरेपर्यंत हीच राहू द्या," ते म्हणाले. "हिला हात लावू नका. मी काढीन."

मे महिन्यातला शनिवार होता. शाळेला सुट्टी, पण मला निकालाच्या कामासाठी जावं लागलं होतं. नवरा कामावर. मुलगी मामाकडे. सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. मी अडीच-तीनच्या सुमारास परतले. फाटकाचं कुलूप तसंच होतं. मागे वाडीत गेले, तर घोडी तीन पायांवर उभी होती. डावा पुढचा पाय तिने वर धरला होता आणि तो थरथरत होता. खाली गवतावर रक्त. मी वाकले. खुराच्या कडेचा मोठा तुकडा निघाला होता आणि तो तिथेच पडला होता, त्यात अजून एक खिळा तसाच. दुसरा खिळा अर्धवट तुटून आत राहिलेला. नाल नव्हती.

नाल काढायची एक रीत असते. बाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं आधी सरळ करायची, मग एकेक खिळा सोडवायचा. इथे कोणीतरी पहारीसारखं काहीतरी खाली घालून नुसती उचकटली होती.

मी ओरडले नाही. मी तिथेच गवतावर बसले. मला एकच गोष्ट दिसत होती. त्या माणसाने तिच्या पायाला हात लावला असेल, आणि तिने पाय उचलून त्याच्या हातात दिला असेल.

सासूबाई माझ्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. "झोप लागली गो मला," त्या म्हणाल्या. "झोप लागली." पुढचे कित्येक दिवस त्या दुपारी आडव्या झाल्या नाहीत.

डॉक्टरांनी आतला खिळा काढला. घोड्यांना धनुर्वात लवकर होतो, म्हणून त्याची सुई टोचली. "वाचली तर लंगडेल," ते म्हणाले. रोज दोन वेळा कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, मग पू काढायचा, मग कोंड्याचं पोटीस बांधायचं. नवरा पहिल्या दिवशी पट्टी बांधायला बसला आणि रडू लागला, म्हणून मी त्याला उठवलं. त्याच्या रडण्याचाही मला राग आला. त्याला निदान रडता येत होतं. मला सारखं वाटत होतं की पाटी मी लावली. चार नाली वाटत राहिले असते तर हे झालं नसतं. मग स्वतःचाच राग यायचा की मी असा विचार का करते आहे. उचकटणारा हात दुसऱ्याचा होता.

आम्ही चौकीवर गेलो. तिथला हवालदार खरंच भला माणूस होता, पण त्याला हसू आवरेना. "घोड्याची चप्पल चोरीला गेली म्हणता," तो म्हणाला. "त्याचा पंचनामा कसा करू बाई? अख्खी घोडी नेली असती तर काही करता आलं असतं." मी त्याला म्हटलं, "तुमच्या बोटाचं नख कोणी पकडीने उपटलं तर तुम्ही लिहून घ्याल ना?" त्याचं हसू थांबलं. पण लिहून काही घेतलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्हा शिक्षकांना मतदार यादीचं काम आलं. घरोघर जाऊन नावं तपासायची. माझ्याकडे आमचाच रस्ता आणि समोरची बिल्डिंग. मी तळमजल्यापासून सुरुवात केली. पाणी, सरबत, चहा, सगळे ओळखीचे. घोडी कशी आहे म्हणून सगळे विचारत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारापाशी मी बेल दाबली आणि वर बघितलं.

चौकटीवर, लिंबू-मिरचीच्या वर, नाल होती. हळदकुंकू लावलेली. मागून पट्टी जोडलेली, जवळजवळ गोल.

दार बाईंनी उघडलं. लीद न्यायला येणाऱ्यांपैकीच त्या. गुलाबाचं फूल आणून देणाऱ्या. "या ना बाई," त्या म्हणाल्या. मी आत गेले नाही. मी नालीकडे बोट केलं.

"ही कुठून आणली?"

"ह्यांनी आणली. ऑफिसमधल्या कोणी तरी दिली म्हणाले. का हो?"

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यात ते गृहस्थ बाहेर आले, बनियनवर, हातात पेपर. पहिल्या शनिवारी चणे-गूळ घेऊन आले होते, तेच.

"अशी नाल बाजारात मिळत नाही," मी म्हटलं. "चाचांनी ही एकच घडवली होती. आमच्या घोडीच्या चिरलेल्या खुरासाठी."

ते आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, सारख्या वस्तू असतात. मग मी जाईना हे बघून त्यांचा आवाज चढला. "अहो बाई, दीड वर्ष चणे घातले आम्ही तुमच्या घोड्याला. दर शनिवारी. एक नाल मागितली तर तुम्ही कुलूप लावलंत. माझी बदली होत होती, पोरगा दोनदा बारावीला बसला. माणसाला अडचणी असतात की नाही? आणि नाल काय, नवी मारता येते. पाय कापून नेला का कोणी?"

मी आजवर वर्गात खूप ओरडले आहे. त्या दिवशी ओरडता आलं नाही. मी त्यांच्या बायकोला म्हटलं, "तुम्ही खाली चला. पाय बघायला चला."

"तिचा काय संबंध?" ते म्हणाले.

पण बाई पायात सपाता सरकवून माझ्या मागोमाग जिना उतरल्या. सासूबाई घमेल्यात पाणी घेऊन बसल्याच होत्या. पट्टी सोडली तेव्हा वास आला. त्या बाईंनी पदर नाकाला लावला नाही. त्यांनी खाली बसून बघितलं, बराच वेळ, आणि मग विचारलं, "मी धरू का?" घोडीने त्यांनाही पाय दिला.

त्या पुढे दीड महिना रोज सकाळी आल्या. आमच्यात फारसं बोलणं होत नसे. दुसऱ्या दिवशी त्या नाल परत घेऊन आल्या होत्या, पेपरात गुंडाळून. सासूबाईंनी ती घेतली आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली.

आणि मग, एखाद महिन्याने, आम्हाला नगरपालिकेची नोटीस आली. रहिवासी भागात जनावर पाळल्याने दुर्गंधी व डास यांचा उपद्रव होत असल्याबाबत. सोबत बिल्डिंगमधल्या लोकांच्या अर्जाची प्रत. सह्या सतरा. पहिली सही त्याच तिसऱ्या मजल्याची. खाली सह्यांमध्ये दोघी अशा होत्या की ज्यांच्या गॅलरीत माझ्या लिदीवर वाढलेली झाडं होती. आमचं घर नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं. बिल्डिंगला पाच वर्षंही झाली नव्हती. रहिवासी कोण आणि उपद्रव कोणाचा, हे मला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

नवरा नोटीस वाचून खचला. "देऊन टाकू तिला," तो म्हणाला. "मी सांगलीकडे एक माणूस बघितलाय."

"कोणाला देणार? लंगड्या घोडीला कोण घेतं आणि कशाला घेतं, मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"तुला तर ती नकोच होती."

"नकोच होती," मी म्हटलं. "तुम्ही आणलीत तेव्हा मला विचारलं नव्हतं. आता घालवताना विचारावं लागेल."

मी रजा काढली, आजोबांच्या वेळचे घरपट्टीचे कागद काढले आणि कचेरीत जाऊन बसले. तिथल्या साहेबांनी दोनदा उद्या या म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा मी वर्गातल्या वह्या सोबत नेल्या आणि त्यांच्या दारातल्या बाकावर बसून तपासत राहिले. चौथ्या दिवशी ते स्वतः पाहणीला आले. आम्ही त्यांना काही दाखवायची तयारी केली नव्हती. ते वाडीत शिरले तेव्हा त्या सह्या करणाऱ्यांपैकीच एक बाई पाटीत लीद भरत होत्या. साहेबांनी नाव विचारलं, हातातला अर्ज बघितला, पुन्हा बाईंकडे बघितलं. त्या पाटी तशीच ठेवून निघून गेल्या. साहेब घोडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, खताचा खड्डा झाकून ठेवा, पाणी तुंबू देऊ नका. झालं. खड्ड्यावर झाकण आम्ही त्याच आठवड्यात केलं. ते आधीच करायला हवं होतं; त्यात त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हेही मी इथे लिहून ठेवते.

घोडी वाचली. लंगडी राहिली, गाडीला पुन्हा जुंपली गेली नाही. सासूबाई परत पाटी डोक्यावर घेऊन जाऊ लागल्या, मग तेही झेपेना, मग त्यांनी बाजार सोडला. उपयोग सगळा संपला आणि काम तेवढंच राहिलं. पाणी, लीद, चणे, माशा. आणखी सात वर्षं. सासूबाई तिच्याआधी दोन वर्षं गेल्या.

एका सकाळी मी पाणी घेऊन गेले तर ती आडवी होती. दुपारपर्यंत संपली. आणि मग मला कळलं की घोडं पाळताना जे कोणी सांगत नाही ते हे: एवढं मोठं शरीर न्यायचं कुठे? कचेरीत फोन केला तर म्हणाले, कुत्र्या-मांजरांची गाडी आहे, त्यात बसणार नाही. आमच्या खाचरांत तोवर दुसऱ्या बिल्डिंगचा पाया खणला जात होता. ती आम्हीच विकली होती, तेव्हा त्याबद्दल मी कोणावर रागवू? शेवटी शेजारच्या ख्रिस्ती आजोबांनी आपल्या केळीच्या वाडीचा कोपरा दिला. "आमच्या वाडीनं तिचं खत खाल्लंय," ते म्हणाले. पायाचं काम थांबवून जेसीबीचा ड्रायव्हर आला, चिखलातून आला, मोठा खड्डा केला आणि काही घेतलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान गॅलरीत होते.

आठ-दहा दिवसांनी सकाळी मी रिक्षा स्टँडवर उभी होते. बरीच माणसं रांगेत होती. ते गृहस्थ माझ्या मागे येऊन उभे राहिले. आता रिटायर होत आलेले, केस पांढरे.

"सुटलात बाई एकदाच्या," ते म्हणाले. आवाजात आपुलकी होती. "केवढा व्याप होता तुम्हाला."

मी मागे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. भर रांगेत, वर्गात बोलते त्या आवाजात. मेमधल्या शनिवारपासून सुरुवात केली. तिने पाय कसा दिला असेल ते सांगितलं, खुराचा तुकडा केवढा होता ते हाताने दाखवलं, त्यांच्या बायकोने दीड महिना काय धुतलं ते सांगितलं, अर्जावरची पहिली सही सांगितली. मध्ये ते "अहो, अहो" म्हणत होते. रांगेतली माणसं ऐकत होती. पुढचा एक तरुण तर कानातली हेडफोनची वायर काढून ऐकत होता. मला थांबता येत नव्हतं आणि थांबायचंही नव्हतं.

"एवढ्या जुन्या गोष्टी," ते शेवटी म्हणाले.

"जुन्या तुम्हाला," मी म्हटलं.

रिक्षा आली. मागे तिघांची जागा असते. मी आत बसले, तो तरुण बसला, एक बाई बसल्या. ड्रायव्हरच्या शेजारी अजून एकजण बसवतात. ते गृहस्थ पुढे सरकले. मी पर्समधून चौथ्या माणसाचं भाडं काढून ड्रायव्हरच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "चला."